हातचा

ड्युएनच्या ऑफिसातली नोकरी सोडली तेव्हा आई म्हणाली,
हातचं सोडून पळत्याच्या पाठी.
हँकॉकच्या टेकडीवर त्या दिवशी कमरेएवढा बर्फ होता
आणि पळतं असं काही दिसत नव्हतं,
रस्ता उपसणारा एक ट्रक सोडला तर.

पहिला लेख: मुदतवाढ म्हणजे माफी नव्हे.
आठशे शब्द, शब्दाला सहा सेंट.
'कृपया' कुठेच गाळला नाही.
दुसरा: अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च
बाजूला कसा ठेवावा.
तो लिहिताना माझ्या बाजूला
एकोणीस डॉलर होते आणि एक हीटर,
तोही शेजारच्या लेम्पीचा.
कुणी विचारलं नाही. लेखाला कुणी विचारत नाही,
तुझं स्वतःचं काय.

हळूहळू जमलं.
येईल त्या चेकचे तीस टक्के निळ्या पाकिटात,
कारण पगारातून आधीच कापून घेणारं आता कुणी नव्हतं.
मीच मालक, मीच नोकर,
दोघांचा कर एकाच खिशातून.
एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारी:
इथल्या ऋतूंपेक्षा हे चार हप्ते बरे, वेळेवर येतात.
जिन्याखालची खोली टेप लावून मोजली,
घरातलं कार्यालय, सत्तर चौरस फूट.
कुत्रा झोपतो ती जागा धरायची की नाही
यात अर्धी रात्र गेली. वगळली.
दुसऱ्या दिवशी कुत्र्यानं जागा बदलली.

मग फेब्रुवारीत एइनो सारेला आला,
ड्युएनकडे न जाता थेट माझ्या दारात,
कॉफीच्या डब्यात कोंबलेल्या पावत्या,
त्यांना करवतीच्या तेलाचा वास.
आइली नोव्हेंबरात गेली होती.
अर्जावरच्या चौकटींवर बोट ठेवून त्यानं विचारलं,
आता मी यातला कुठला?

मी म्हटलं, ज्या वर्षी जोडीदार जातो
ते वर्ष जोडीनंच भरता येतं.
अख्खं वर्ष. एकतीस डिसेंबरपर्यंत.
तो बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसला.
मग म्हणाला, सरकारला सुचलं हे?

ते वाक्य मी लेखात घातलं.
टोलिडोच्या संपादकानं काढलं:
छान आहे, पण वाचकानं काय करायचं ते सांग.
दुसऱ्या लेखात घातलं, त्याचा एक ठिपका आणि पाच शब्द उरले.
तिसऱ्यात मी ते दडवलं
वजावटींच्या कोष्टकानंतर, जिथे संपादकाचे डोळे जड होतात,
आणि ते राहिलं.
दोनशे चाळीस मिळाले. बहात्तर निळ्या पाकिटात.
पण काम तिथून वाढलं:
एका पतपेढीचं मासिक पत्रक,
मग मार्केटच्या एका अंत्यविधीवाल्याची पुस्तिका,
पहिल्या वर्षाचे कागद.
लोक म्हणतात, कर हा काय लिहायचा विषय?
मी वाद घालत नाही. वादाचं बिल लावता येत नाही.

यंदा एइनो पुन्हा आला. डबा तोच, पावत्या कमी.
एकट्याची चौकट त्यानं स्वतः भरली,
पेन इतकं दाबून की खालच्या पानावर उमटलं.
बेरीज मला यंत्रावर करू दिली नाही.
गेल्या वर्षीच्या प्रतीवरच, कडेला,
शाळेतली उभी बेरीज, ओठ हलवत,
आठ नि सात पंधरा,
पाच खाली,
हातचा एक
वर, बारीक,
जोडीदाराच्या सहीच्या ओळीला टेकून.

फी म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेला
धुरावलेला मासा ठेवून गेला, साधारण दोन किलो.
असा मासा उत्पन्नात धरावा लागतो.
कसा धरायचा,
बाराशे शब्द, गुरुवारपर्यंत.